आधी पेपर, मग सिलॅबस

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या सिलॅबस कमिटीत तुझं नाव घातलंय, तू तासिका तत्त्वावर, सिलॅबस मंजूर करणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत तुला मत नाही, टायपिंगपासून सगळं काम मात्र तुझ्याकडे. तेव्हा नाव काढून घेऊ का, असं विचारलंस. शिकवण्याची कळकळ वगैरेवर मी एक ओळ खर्च करणार नाही. ती नसती तर रात्री साडेबाराला सिलॅबसवर मेसेज कोण लिहितं?

मसुदा उघडून बसले आहे. चार क्रेडिट, चार घटक, प्रत्येकी 15 तास, एकूण 60. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, त्यामुळे हिशेब जुळतो. घटक जुन्या सिलॅबसमधलेच, फक्त नावं बदललेली. संदर्भग्रंथांची यादी दीड पान. आणि शेवटच्या पानावर, जागा उरली म्हणून घातल्यासारख्या दोन ओळी: अंतर्गत 40, सत्रान्त 60, सहापैकी कोणतेही चार प्रश्न, प्रत्येकी 15 गुण.

बाई गं, सिलॅबस त्या दोन ओळींतच आहे. बाकीची अकरा पानं मुलं उघडतसुद्धा नाहीत.

आधी पेपर काढ, मग सिलॅबस लिही. तुला उलटं वाटेल, सगळ्यांनाच वाटतं. पण मुलं पेपर बघून अभ्यास करतात, शिक्षक पेपर बघून शिकवतात आणि गाईडवाले पेपर बघूनच गाईड छापतात. वार्षिक पद्धत गेली, सत्र आलं, सीबीसीएस (विषय निवडून क्रेडिट मिळवायची पद्धत) आली, 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, ते राज्यात लागू करणारा 20 एप्रिल 2023 चा शासन निर्णय आला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) सगळं आलं. ‘टीपा लिहा (कोणत्याही दोन)’ तेवढं जागचं हललं नाही.

तू जोडलेला गेल्या वर्षीचा पेपर घे. सहा प्रश्नांपैकी पहिल्या दोन घटकांवर दोन-दोन, उरलेल्या दोन घटकांवर एकेक. चारच सोडवायचे. म्हणजे पहिले दोन घटक पाठ केले की 60 पैकी 60 चा पेपर लिहून होतो. तुझ्या 60 तासांतले 30 तास या एका ‘कोणतेही चार’ने रद्द केले. तिसऱ्या घटकाला वर्ग रिकामा असतो म्हणून तू वैतागतेस, पण मुलांचं गणित चोख आहे. यावर उपाय म्हणजे पर्याय घटकांच्या आत ठेवायचा: प्रत्येक घटकावर 15 गुणांचा एक सक्तीचा प्रश्न आणि त्याच्या पोटात ‘किंवा’. दोन्ही पर्याय सारख्याच अवघड हवेत, नाहीतर तोच खेळ ‘किंवा’मध्ये सुरू होतो.

आता कोर्स आउटकम बघ, म्हणजे कोर्स संपल्यावर मुलांना काय जमायला हवं ते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी तू छान तक्ता केलास: ‘विद्यार्थी चलनवाढीचे विश्लेषण करू शकेल.’ आणि पेपरात? ‘चलनवाढीची कारणे व परिणाम स्पष्ट करा.’ याचं उत्तर पाठ करून येतं, विश्लेषण कुठेच नाही. आउटकममधलं क्रियापद आणि प्रश्नातलं क्रियापद शेजारी शेजारी लिहून बघ. जुळत नसेल तर तो तक्ता फाईलची शोभा.

त्याच प्रश्नाऐवजी असा प्रश्न घालता येईल. एक कुटुंब महिन्याला 10 किलो तांदूळ 40 रुपयांनी, 3 लिटर तेल 100 ने आणि 20 लिटर दूध 50 ने घेतं. पुढच्या वर्षी भाव 44, 150 आणि 52. (अ) पहिल्या वर्षाच्या खरेदीवरून किंमत निर्देशांक काढा. (आ) तेल महागल्याने कुटुंबाने ते 2 लिटरवर आणलं, तर प्रत्यक्ष खर्च किती? (इ) निर्देशांकाने दाखवलेली महागाई आणि या घराला बसलेली झळ यांत फरक का पडला? (ई) तेलाऐवजी दूध एवढं महागलं असतं, तर ‘इ’चं उत्तर कसं बदललं असतं?

उत्तर स्वतः काढ, मी काढलंय. आधीचा खर्च 1700, तोच माल नव्या भावाने 1930, म्हणजे आधीचे 100 धरले तर निर्देशांक 113.5. तेल कमी केल्यावर खर्च 1780, म्हणजे वाढ पाच टक्क्यांच्या आत. ‘अ’ला 4, ‘आ’ला 2, ‘इ’ला 5, ‘ई’ला 4. निर्देशांकात खरेदीचं प्रमाण पहिल्या वर्षाचंच धरलंय, माणसं मात्र भाव बघून खरेदी बदलतात, एवढं ज्याला लिहिता आलं त्याला चलनवाढ कळली. आणि तेल कमी केलं ही सोय होती की ओढाताण, असा प्रश्न एखाद्या मुलीने उत्तरातच विचारला, तर तिला पैकीच्या पैकी दे.

गोची होते ती इथे. तपासनिसाच्या हातात आदर्श उत्तर नसेल तर तो फक्त 113.5 शोधतो, सापडलं नाही की शून्य. म्हणून गुणदान योजना पेपरसोबतच लिहायची, निकाल लावायच्या आठवड्यात नव्हे. ‘अ’त बेरीज चुकली आणि पुढची रीत बरोबर असली, तर पुढचे गुण द्यायचे, हे वाक्य त्यात जसंच्या तसं हवं. स्वतः पेपर सोडवताना घड्याळ लाव. अडीच तासांचा पेपर तुला पन्नास मिनिटांत जमला नाही तर मुलांना वेळ पुरणार नाही. साधा कॅल्क्युलेटर चालेल, हे पेपरावर छाप, नाहीतर केंद्रावर पर्यवेक्षक काढून घेतो. आणि मराठी तर्जुमा स्वतः कर. आदल्या रात्री मशीनकडून करून घेतला की निर्देशांकातला ‘भार’ (खर्चातला वस्तूचा वाटा) ‘वजन’ होऊन येतो आणि मुलं तांदळाचे किलो मोजत बसतात.

तू म्हणशील, असा प्रश्न काढला तर ‘सिलॅबसबाहेरचा’ म्हणून ओरड होईल. होणारच, आणि ओरड करणारा नियमात बसतो, कारण सिलॅबसमध्ये फक्त ‘चलनवाढ: अर्थ, कारणे, परिणाम’ आहे. म्हणूनच आधी पेपर. दोन पूर्ण नमुना प्रश्नपत्रिका, आदर्श उत्तरं आणि घटकवार गुणांचा तक्ता सिलॅबसला परिशिष्ट म्हणून जोड. तुमचं कॉलेज स्वायत्त आहे, तेव्हा मंडळावर विभागप्रमुख, बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, उद्योगातला एक जण आणि एक माजी विद्यार्थी असतो. बैठकीच्या दहा दिवस आधी तज्ज्ञांना सिलॅबस नको पाठवूस, तो कुणी वाचत नाही. नमुना पेपर पाठव आणि एक प्रश्न सोडवून बघा म्हण. ज्याने प्रश्न सोडवला तो बैठकीत त्याच्या बाजूने बोलतो. इतिवृत्तात ‘परिशिष्टासह मंजूर’ हे दोन शब्द आले की नाहीत ते सही होण्यापूर्वी बघ. नुसतं ‘मंजूर’ लिहिलं तर पुढची मंजुरी देणाऱ्या विद्या परिषदेपर्यंत परिशिष्ट गळून पडतं आणि पुढच्या मार्चमध्ये ‘टीपा लिहा’ परत येतं.

अंतर्गत 40 गुणांवर फार बोलत नाही. सगळ्यांना 34 ते 37 देणार असाल तर ते गुण नाहीत, हजेरी आहे. 120 मुलांची दहा-दहा पानी असाइनमेंट कुणीच वाचत नाही, म्हणून ती उतरवली जाते. एका पानाची, वर्गात, समोर बसून लिहिलेली घे. पाच मिनिटांना एक धरली तरी तपासायला दहा तास लागतात. सत्रात दोन होतील, तिसरीचा मोह नको.

आणि सगळे पेपर एकदम बदलायला जाऊ नकोस. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने एका हंगामाच्या 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. पद्धत वाईट नव्हती. पण स्कॅनिंग, विषयवार वर्गवारी, शिक्षकांचं प्रशिक्षण सगळं त्याच घाईत. कायदा सांगतो 30 दिवसांत निकाल, फार तर 45. निकाल रखडत सप्टेंबर उजाडला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना जावं लागलं. तू एका सत्रातला एक पेपर घे.

राहिला तुझा मूळ प्रश्न. मोबदला तासाचा आणि या कामाचा तास कुणी मोजत नाही, हे अन्यायाचं आहे. त्यावर माझ्याकडे शहाणपणाचं उत्तर नाही. कायम जागा भरल्या जात नव्हत्या तेव्हा आम्ही निवेदनं दिली आणि गप्प बसलो, आणि पेपर काढायचं काम नव्या माणसाकडे सरकवून स्वतः घटकांच्या नावांवर तासन् तास भांडलो. मीही त्यातलीच. ‘परिचय’ हवं की ‘स्वरूप’, यावर मी बैठका जिंकल्या आहेत. त्या वेळी तेच महत्त्वाचं वाटायचं, आणि अगदीच फुकट गेलं असंही मी म्हणणार नाही. पण त्यातलं काहीही मुलांपर्यंत पोचलं नाही.

तुझ्याकडे मत नाही, हे खरं. पण पेपर तुझ्याकडे आहे. विभागप्रमुखांना तो काढायचा कंटाळा आहे, म्हणूनच तर तो तुझ्याकडे आला. नाव काढलंस तर तोही जाईल. काढायचंच असेल तर पहिल्या बैठकीनंतर काढ, त्याआधी नको. आणि राहायचं असेल तर एक लेखी मागून घे: मसुद्यावर तयार करणारी म्हणून तुझं नाव. उद्या कायम पदाच्या मुलाखतीत ते कामाला येतं.

गेल्या वर्षीच्या पेपरातला तिसऱ्या घटकावरचा प्रश्न कच्चा आहे, त्यात नुसती व्याख्या विचारली आहे. बदल आणि रविवारपर्यंत पाठव. उत्तरांसकट. उत्तरं नसतील तर मी उघडणार नाही.