बावटा लाल, निशाण निळं आणि भगवा नुसताच

विचारणा अशी आहे: 'लाल बावटा' म्हणतात, मग 'भगवा बावटा' का म्हणत नाहीत? झेंडा, बावटा, निशाण सगळं एकच ना?

कापड म्हणून एकच. पण बोलण्यात प्रत्येक रंगाने आपापला शब्द धरून ठेवला आहे. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला, तेव्हा सुरगाणा-पेठकडून आलेल्या माणसांच्या हातात होता तो लाल बावटा. शिवजयंतीला लावतो तो भगवा. त्याला पुढे 'झेंडा' जोडायचीही गरज नाही, रंगाचंच नाम झालंय. आणि भीमजयंतीला नाशिकच्याच शालिमार चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी फडकतं ते निळं निशाण. (निळा झेंडाही म्हणतात, पण गाण्यात आणि घोषणेत निशाणच.)

बावट्याचं म्हणाल तर हा शब्द मुळात इशाऱ्याचा. वादळ येणार असलं की बंदरावर 'तीन नंबरचा बावटा' लागतो. रेल्वेचा गार्ड दाखवायचा तोही बावटाच, आता मात्र बातम्यांत सगळे हिरवा 'झेंडा' दाखवतात. गुजरातीत याचा भाऊ 'वावटो'. मुंबईत गिरणी कामगारांची १९२८ ची युनियन नावातच 'लाल बावटा' घेऊन उभी राहिली आणि तिथून जोडी पक्की झाली. बंदर-रेल्वेच्या शहरात हाच शब्द तोंडी बसलेला असणार, असा माझा तर्क.

निशाण फारसीतून आलं. मूळ अर्थ खूण. मराठीने त्याचे तीन लिंगांत तीन शब्द केले: ते निशाण म्हणजे झेंडा, ती निशाणी म्हणजे खूण, तो निशाणा म्हणजे नेम. मला ही वाटणी फार आवडते.

'निशाणी' इथेच निवडणुकीत शिरते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं आली: काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. पेपरात 'चिन्ह' छापलं जातं, आयोग 'चिन्हवाटप' करतो, पण दिंडोरी-कळवणकडच्या आजीबाई अजून 'औंदा निशाणी कोणती?' असंच विचारतात. मतदान यंत्रावर आलं तरी 'ताई, माई, अक्का'ला यमक जुळावं म्हणून आपण 'शिक्का'च मारतो.

झेंड्यावरचं चित्र आणि निशाणी एकच असते असंही नाही. मनसेच्या २०२० च्या भगव्यावर राजमुद्रा आहे, निशाणी मात्र रेल्वे इंजिन.

उरली पताका: ती वारकऱ्याच्या खांद्यावर किंवा मांडवाच्या दोरीवर. आणि ध्वज बोलण्यात फारसा येत नाही. सप्तशृंगीच्या शिखरावर कीर्तिध्वज म्हणतात खरं, पण १५ ऑगस्टला पत्रिकेत 'ध्वजवंदन' छापूनही पोरं शाळेत जातात ती झेंडावंदनालाच.