हाव नव्हे, 'आतली गोष्ट' माणसाला ओढते

तुमचे मोठे भाऊ शिकलेले, हिशेबाला पक्के. तरी 'नियमांत पळवाट सापडली आहे' म्हणणाऱ्या दामदुप्पट योजनेत त्यांनी पैसे घातले, ते हावेपोटीच ना, असं तुम्ही विचारलंत. मला तसं वाटत नाही.

नुसतं 'दुप्पट करून देतो' म्हटलं तर शहाणा माणूस विचारतोच, कसे? पळवाटीची गोष्ट नेमकं त्याचंच उत्तर देते. 'मग सगळेच का करत नाहीत?' याचंही देते: इतरांना ठाऊकच नाही. हुशार माणसाला ही मेख कळल्याचा आनंद होतो, आणि मग तोच ती चारचौघांना पटवून सांगू लागतो.

बोस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पॉन्झीने हेच केलं. टपालाची आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपनं (परदेशातून उत्तर यावं म्हणून पत्रासोबत पाठवायची, तिथे टपाल तिकिटांवर वटणारी कूपनं) चलन घसरलेल्या देशांत स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत जास्त किमतीच्या तिकिटांवर वटवायची, असं तो सांगे. किमतींतला हा फरक खरा होता, म्हणून तर लोकांना पटलं. वचन होतं ४५ दिवसांत ५० टक्क्यांचं. नफा गुंतवत गेलं तर वर्षात पंचवीसपट! गोळा झालेल्या पैशांच्या मानाने सुमारे १६ कोटी कूपनं हवी होती. वापरात होती जेमतेम २७ हजार. जुन्यांना तो नव्यांचेच पैसे देत होता. पण ओळखीच्या माणसाच्या हातात रोख रक्कम दिसल्यावर हा हिशेब मांडायला कोण बसतं?

याहून खोल कारण मला दुखावलेपणाचं वाटतं. वर्षानुवर्षं नियम पाळले, कर भरला, रांगेत उभे राहिलो, आणि वाकड्या वाटेने गेलेले पुढे निघून गेले, ही सल पुष्कळांच्या मनात असते. ठग तिच्यावरच बोट ठेवतो: 'मोठे लोक हेच करतात, आता तुमची पाळी.' मग त्यात चोरी दिसत नाही, हक्काचं परत मिळाल्यासारखं वाटतं. पैसे बुडाल्यावर मात्र तक्रारीला जीभ रेटत नाही, कारण नियम वाकवायला आपणही तयार होतो.

म्हणून भावांना हावरट म्हणू नका, ते आणखी गप्प बसतील. नफ्याचं राहू द्या, आधी सगळं मुद्दल परत मागायला सांगा. 'अमुक शुल्क भरा, मग मिळेल' असं उत्तर आलं तर एक पैसाही भरू नका. लागलीच पोलिसांत आणि बँकेत कळवा. बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणत आगाऊ फी मागणारेही यानंतर येतील. फसलेल्यांच्या याद्या त्यांच्याकडे पोचलेल्या असतात.