‘कुंग फू पांडा ४’ कसा आहे? पहिले तीन भाग आवडले असतील तर बघावा का? मुलगी सात वर्षांची आहे.

पहिले तिन्ही तुमचे बघून झालेत, म्हणजे पो कोण, शिफू कोण हे सांगत बसत नाही.

चौथा मी २०२४ च्या जुलैत बघितला. आमची मालवणात खानावळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, दुपारी माश्या मारायच्या. भाची टीव्हीसमोर, तिच्यामागे मी तांदूळ निवडत, आणि आबा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत अर्धवट झोपेत. हसायला बसले होते. पिक्चर संपला तेव्हा ताटातले तांदूळ तसेच होते आणि डोकं तापलेलं.

कारण टायग्रेस, ती वाघीण. पोला आता शांततेच्या खोऱ्याचा आध्यात्मिक गुरू व्हायचंय आणि आपल्या जागी नवा ड्रॅगन वॉरियर, म्हणजे खोऱ्याचा रक्षक योद्धा, नेमायचाय. मला वाटलं, आता तरी. २००८ च्या पहिल्या भागात सगळं खोरं तिच्याकडे बघत होतं आणि आभाळातून एक पांडा, हाच पो, पुढ्यात पडला. तिने ते गिळलं. दुसऱ्या भागात ती सांगते की वीस वर्षं टणक झाडांवर ठोसे मारलेत, आता हाताला काही लागत नाही. त्याच भागात ती त्या पांडाला मिठी मारते. एवढं झाल्यावर चौथ्यात काय, तर टायग्रेस, मंकी, मँटिस धरून पोचे पाचही साथीदार कुठे कुठे कामगिरीवर पाठवलेले! अगदी शेवटी दिसतात, तोंडातून एक शब्द नाही. आणि नेमणूक कोणाची? झेन नावाच्या चोरट्या कोल्हिणीची, जी पोला याच पिक्चरमध्ये भेटली. (शेवट फोडला म्हणून रागावू नका, पहिल्या वीस मिनिटांत तुम्हालाही कळेल.)

भाचीने विचारलं, “ती वाघीण कुठे आहे?”

आबा डोळे न उघडता म्हणाले, “कामाक गेली असतली.”

“मग तिलाच का नाही केलं?”

“तां पिक्चरवाल्यांका विचार.”

मी तांदळाचं ताट उचललं आणि आत गेले. आबांना काही कळलं नाही, किंवा कळलं असेल.

आता माझं ऐका. पहिल्या भागात पिंगला, म्हणजे पोच्या बापाला, नूडलचं दुकान पोराला द्यायचं होतं आणि पोराला ते नको होतं. आमच्याकडे उलटं. मी २००६ पासून चुलीपुढे आहे. वाटप, म्हणजे वाटण, कुणाचं, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती ठेचायची हे कुणाच्या हातात, एप्रिलमध्ये मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कोण करतं, गिऱ्हाईक सुरमई मागून काटे काढत बसलं तर त्याला कोण समजावतं? धाकटा भाऊ मुंबईला कंपनीत होता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आला तो राहिला. २०२२ च्या दसऱ्याला आबांनी त्याला गल्ल्यावर बसवला. मी विचारलं तर म्हणाले, “तू उद्या लगीन करून जातलंस.” तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

लोक म्हणतात, नवं रक्त हवं. हवंच की. पण नवं रक्त म्हणजे जुन्यांना कामाला लावून पडद्याआड ठेवणं नव्हे. बरं, जुन्यांना काढलं ते काढलं, त्यांच्याशिवाय विनोद तरी होतो का? पो एकटा विनोदी नाहीच. तो पडतो तेव्हा मंकी हसतो, मँटिस टोमणा मारतो, टायग्रेस कपाळाला आठ्या घालते, म्हणून आपण हसतो. या वेळी पो पडतो आणि शेजारी झेन, जी स्वतःच टोमणे मारणारी. दोघंही फटके मारायला उभे, गोलंदाजी कुणी करायची?

खलनायिकाही वाया घालवली. ती कॅमेलियन, म्हणजे सरडीण. लहानखुरी म्हणून तिला कुंग फू शिकवायला नकार मिळाला होता. काय जबरदस्त दुखणं होतं ते! दुसऱ्या भागात त्या खलनायक मोराच्या दुखण्याला कसा वेळ दिला होता, आठवा. इथे दोन वाक्यांत उरकलं आणि लागली रूपं बदलायला. मला तर मध्येच तिचीच बाजू घ्यावीशी वाटली.

चांगलं काय? पिंग आणि ली, पोचे दोन्ही बाप. पोरगा लांब गेला म्हणून हा हंस आणि हा पांडा त्याच्या मागोमाग निघतात. एक भित्रा, दुसरा भित्रा पण अंगाने मोठा. त्या दोघांवर वेगळा पिक्चर काढला असता तर मी पैसे देऊन बघितला असता. आबासुद्धा तिथे दोनदा हसले.

झेनचं तसं वाईट नाही, हे सांगायला हवं. तीही बाईच आहे, त्यामुळे माझी तक्रार कुणी बायका-पुरुषांवर नेऊ नये. आणि भाऊही वाईट नाही हो. गल्ल्याजवळ क्यूआर कोड त्यानेच लावला, उधारी निम्म्यावर आली. पण मसाल्याच्या डब्याची चावी माझ्याकडे आहे आणि ती कुणी मागितल्याशिवाय मी देणार नाही. मागितल्यावरही बघू.

तर मुलीला दाखवा, दीड तासाचा आहे, घाबरण्यासारखं फार काही नाही. भाचीने नंतर दोनदा बघितला, तिला कोल्हीण आवडली. फक्त आदल्या दिवशी दुसरा भाग पुन्हा दाखवा. आणि टायग्रेस गप्प का, असं तिने विचारलं तर “कामाक गेली असतली” म्हणू नका.