एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असताना, कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांसारखं, सिनियर वकिलाच्या देखरेखीखाली कोर्टात उभं राहता येतं का?

नाही. सनद, म्हणजे बार कौन्सिलचा वकिलीचा परवाना, हातात येईपर्यंत कोर्टाच्या लेखी तुम्ही वकील नाही. तुम्ही कॅलिफोर्नियाचा दाखला दिलाय. तिथे पहिलं वर्ष पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला स्टेट बारचं (तिथल्या वकिलांच्या नियामक संस्थेचं) प्रमाणपत्र मिळू शकतं आणि देखरेख करणाऱ्या वकिलाच्या जबाबदारीवर तो उभा राहतो. आपल्या ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये असा मधला परवाना नाही. कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय वकिली करता येत नाही. केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

फट आहे ती कलम ३२ ची. एखाद्या ठरावीक प्रकरणात न्यायालय वकील नसलेल्यालाही परवानगी देऊ शकतं. पण ती न्यायालयाकडे मागावी लागते. सिनियर "जा, उभा राहा" म्हणाले म्हणून ती मिळत नाही.

गोची नेमकी इथेच होते. सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले, इकडे पुकारा होतो आणि इंटर्न "तारीख मिळावी" म्हणून उठतो. न्यायाधीशांनी सनद नंबर विचारला की संपलं. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) वादीतर्फे गैरहजर लागतं, आणि प्रतिवादी हजर असेल तर दिवाणी दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९, नियम ८ खाली काढून टाकला जाऊ शकतो. नुकसान पक्षकाराचं. म्हणून मुदतीचा अर्ज सिनियरच्या सहीने आदल्या दिवशीच तयार ठेवा आणि सनद असलेल्या ज्युनियरच्या हाती द्या. तुम्ही फाइल घेऊन मागे बसा, आणि गळ्यात वकिलांचा पांढरा बँड नको.

मसुदा खुशाल लिहा, सही मात्र करू नका. वकीलपत्रावर (पक्षकार वकील नेमतो त्या कागदावर) नावही घालू नका. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २०. सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे सगळी शेवटच्या वर्षावर ढकललीत तर अडकाल. त्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बसून बघून नोंदवहीत उतरवायचा असतो. ही वही बहुतेक जण आदल्या रात्री एकमेकांची बघून भरतात, आणि तोंडी परीक्षेत ते लगेच उघडं पडतं. पक्षकारांशी थेट बोलायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करा. वकील म्हणून नोंदणी होईपर्यंत विद्यार्थ्यांना ते करता येतं.

मर्यादित परवान्याच्या जवळ जाणारी गोष्ट निकालानंतर येते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी झाली की तुम्ही स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करू शकता, पण दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते. नाही झालात तर पास होईपर्यंत वकिली थांबते.