फ्रेटबोर्डला खोबरेल चालेल का?

प्रश्न: माझ्या अकूस्टिक गिटारचा रोझवूडचा फ्रेटबोर्ड (तारांखालची, बोटं दाबायची लाकडी पट्टी) पांढरट पडलाय, फ्रेटच्या (तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडेला काळा मळ साचलाय. आई म्हणते खोबरेल चोळ. चोळू का?

उत्तर: केसांना चोळ, गिटारला नको, ते कालांतराने खवट होतं आणि चिकट बसतं. तारा काढ, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मळ हलकेच खरवड, मग ०००० नंबरची (सगळ्यात बारीक) स्टील वूल लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरव, पण आधी साउंडहोल (गिटारच्या पोटावरचं गोल भोक) झाक हां, नाहीतर चुरा आत जातो आणि मग बस हलवत. नंतर फडक्यावर फ्रेटबोर्डच्या लेमन ऑइलचे ४-५ थेंब घेऊन चोळ, ५ मिनिटांनी कोरडं पुस. वर्षातून एकदोनदा बास. मित्राची गिटार मेपल लाकडाच्या, चकचकीत लॅकर लावलेल्या फ्रेटबोर्डची असेल तर तिला यातलं काहीच करू नको, नुसतं किंचित ओलसर फडकं मार.