गाठीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे कर्करोग नाही असे समजावे का?

मानेतील लसिकाग्रंथीतून (लिम्फ नोडमधून) सुईने घेतलेल्या नमुन्यात काही आढळले नाही, तर निश्चिंत व्हावे का, असे आपण विचारले आहे. मी पॅथॉलॉजी विभागात अशा स्लाइड पाहते. कर्करोग आहे असा अहवाल क्वचितच चुकीचा ठरतो. नाही असे सांगणाऱ्या अहवालाचे वजन मात्र नमुना कसा, कुठून आणि किती घेतला यावर अवलंबून असते.

बारीक सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीमध्ये, गाठीतील सुट्या पेशी तेवढ्या ओढल्या जातात. दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कर्करोगाने ग्रंथीचा बराच भाग व्यापला असेल, तर तो सहसा यात दिसतो. लिम्फोमाचे, म्हणजे लसिकापेशींच्याच कर्करोगाचे, तसे नाही. त्याचे निदान बरेचसे पेशींच्या मांडणीवरून होते आणि सुईत ती मांडणीच येत नाही, त्यामुळे संशय असल्यास शक्यतो अख्खी गाठ काढून तपासतात.

अख्खी ग्रंथी हाती आली तरी ती सगळी पाहिली जाते असे नाही. तिचे साधारण २ मिलिमीटर जाडीचे काप मेणात बसवून त्यांतून ४-५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे पापुद्रे काढले जातात. म्हणजे एका कापातून चारशेच्या आसपास पापुद्रे निघू शकतात, आणि आम्ही पाहतो ते त्यांतले मोजकेच. २ मिलिमीटरहून मोठा पुंजका अशा तपासणीतून सहसा सुटत नाही, त्याहून लहान मात्र सुटू शकतो. शिवाय नेमकी कोणती ग्रंथी काढली हाही प्रश्न उरतोच: स्तनाच्या कर्करोगावरील एनएसएबीपी बी-३२ या मोठ्या चाचणीत, ज्यांच्या काखेत प्रसार झालेला होता अशा सुमारे १० टक्के रुग्णांमध्ये सेंटिनल ग्रंथी, म्हणजे कर्करोग पसरताना जिथे सर्वात आधी पोहोचण्याची शक्यता असते ती ग्रंथी, निर्दोष दिसली होती.

आपल्या अहवालात पुरेशा लसिकापेशी मिळाल्याची नोंद आहे का, ते आधी पाहा. सुईत नुसतेच रक्त आले असेल, तर ती तपासणी झालीच नाही असे धरावे. क्षयरोगासारखे दुसरे ठोस कारण सापडले असेल तर अहवालावर अधिक भरवसा ठेवता येतो, पण गाठ कडक असेल, वाढत असेल किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल, तर अहवाल काहीही असला तरी कोअर बायोप्सी (जाड सुईने ऊतीचा छोटा तुकडा काढणे) करावी की गाठ काढावी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.