सोनोग्राफी नॉर्मल, मग दुखतं काय?

प्रश्न : वय २६, अविवाहित. इचलकरंजीत बँकेत कॅशियर आहे. पाळीचे पहिले दोन दिवस काउंटरवर बसवत नाही, ड्रॉवरमध्ये मेफ्टालची पट्टी कायम. त्या दिवसांत संडासला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखी कळ येते. हे आईलाही सांगितलेलं नाही. दहावीपासून असंच चाललंय. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी नॉर्मल. आई म्हणते, लग्न झालं की थांबेल. मी खरंच नाटक करते का?

उत्तर : नाही गं. आणि जे आईला सांगितलं नाहीस, तेच तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

पाळीत शौचाला अशी कळ येत असेल तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायलाच हवी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यालगत रुजतात. पाळीच्या चक्राबरोबर तिथे सूज येते, कधी आतले अवयव एकमेकांना चिकटतात. पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला हे असतं, तरी निदानाला वर्षानुवर्षं जातात.

बीजकोशात चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असेल तर सोनोग्राफीत दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. त्यातून अविवाहित मुलीची सोनोग्राफी आपल्याकडे बहुधा पोटावरूनच करतात. योनीमार्गातून केलेली जास्त सांगते. ती नको असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचार. दुर्बिणीच्या ऑपरेशनशिवाय निदानच नाही, असं आम्ही शिकलो होतो. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने तो आग्रह सोडला. लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. कोणत्या, ते तुला तपासणारे डॉक्टर ठरवतील.

लग्नाचं ते वाक्य नवखी असताना मीही एका मुलीला ऐकवलंय. ती पुन्हा आली नाही. लग्न किंवा बाळंतपण हा यावरचा उपचार नाही, हे आईला माझं नाव घेऊन सांग.

पुढच्या पाळीपासून वहीत लिही: तारीख, दहापैकी किती दुखलं, किती गोळ्या, किती रजा. ती वही घेऊन जा आणि खुर्चीत बसल्या बसल्या आधी संडासचं सांग. बायका हे नेमकं निघताना, दाराला हात लावून सांगतात, आणि तोवर पुढची पेशंट आत आलेली असते.